दूरध्वनीची शिदोरी

घरातले दिवे गेले, पंखा थांबला, रेडिओ गप्प झाला, तरी कोपऱ्यातला काळा टेलिफोन मात्र चालूच आहे, हा अनुभव ज्या पिढीने घेतला तिला त्यात कधी नवल वाटले नाही. वास्तविक त्या यंत्राला लागणारी वीज कोठून येई आणि तिचा सांभाळ कोण करी, हा दूरध्वनीच्या इतिहासातला मोठा लक्षणीय भाग आहे. तांब्याची तार जाऊन तिच्या जागी इंटरनेटवरून बोलणे आल्यामुळे तो पुन्हा उघडून पाहण्याजोगा झाला आहे.

१८७६ साली बेलला पेटंट मिळाले. त्यानंतरच्या काळात, मुंबईत १८८२ साली एक्स्चेंज सुरू झाले त्या सुमाराससुद्धा, बोलण्यासाठी लागणारी वीज ग्राहकाच्याच घरी तयार होई. यंत्राखालच्या पेटीत नवसागराच्या पाण्याचे घट असत आणि समोरच्याला हाक घालायची तर हाताने दांडा फिरवावा लागे. घटांतले पाणी आटे, आवाज क्षीण होई, की माणूस पाठवून ते पुन्हा भरावे लागत. हजारो घरांतले असे हजारो घट सांभाळणे म्हणजे कंपनीच्या गळ्यातले लोढणेच होते.

ते सोडवले बेल कंपनीचा अभियंता हॅमंड हेज याने. १८९३ साली अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे सर्वांची मिळून एकच बॅटरी एक्स्चेंजात ठेवण्यात आली. रिसीव्हर उचलला की मंडल पूर्ण होई, तारेतून वीज वाहू लागे, आणि तिकडे ऑपरेटरला वर्दी मिळे. ही पद्धत पुढे जगभर रुळली. एक्स्चेंजच्या एका खोलीत दोन-दोन व्होल्टांचे चोवीस शिसे-आम्ल घट ओळीने मांडलेले असत. शहराची वीज गेली तरी ते पुरत, आणि ते उतरण्याच्या आत जनित्र सुरू होई. तांबे झिजू नये म्हणून बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडण्याइतकी बारकाई त्यात होती. ९ नोव्हेंबर १९६५ रोजी न्यूयॉर्कसह ईशान्य अमेरिकेत सुमारे ३ कोटी माणसे अंधारात बसली, पण टेलिफोन बोलत राहिले. टेलिफोनची तार आपली शिदोरी बरोबर घेऊन येत होती!

काचेच्या तंतूला ही शिदोरी नेता येत नाही. त्यातून प्रकाश जातो, वीज नाही. म्हणून भिंतीवरची प्रकाशपेटी आणि राउटर ही दोन्ही घरच्या विजेवर जगतात. ती गेली की टेलिफोनही गेला. ब्रिटनला याचा चटका २०२१ च्या नोव्हेंबरात बसला. आर्वेन वादळात सुमारे १० लाख घरांची वीज गेली, आणि काही ठिकाणी ती आठवड्याहून अधिक काळ आली नाही. पुढच्या मार्चात बीटी कंपनीने तारा बदलण्याची मोहीम बव्हंशी थांबवली. त्या देशात सुमारे १८ लाख माणसे, बहुतेक वृद्ध वा अपंग, मदतीसाठी दाबायचे बटण गळ्यात वा मनगटावर बाळगतात, आणि त्यांतली कित्येक बटणे टेलिफोनच्या तारेवर चालत आलेली. २०२३ मध्ये यंत्रणा बदलताना अशी काही बटणे ऐन वेळी मुकी राहिली. त्यानंतर जुने जाळे बंद करण्याची मुदत २०२५ अखेरीवरून ३१ जानेवारी २०२७ पर्यंत लांबवण्यात आली.

ऑफकॉम या तिथल्या नियामक संस्थेने २०१८ मध्येच दंडक घालून दिला होता की, ज्यांना घरच्या फोनवाचून दुसरा आधार नाही त्यांना वीज गेल्यावर निदान एक तास तरी संकटकाळचा फोन करता आला पाहिजे. आठवडाभर अंधारात राहिलेल्या म्हातारीला हा एक तास कितीसा पुरणार? मोबाइलचा भरवसा धरावा, तर त्याच्या मनोऱ्यांतल्या बॅटऱ्याही काही तासांत उतरतात.

आपल्याकडे भारनियमनाने घरोघर इन्व्हर्टर आणून ठेवला, त्यामुळे ही तयारी आपल्याला परकी नाही. फक्त राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या जोडणीवर आहे ना, हे पाहिलेले नसते. प्रकाशपेटीचाही पाहावा. बिनतारी फोन असेल तर त्याच्या बैठकीलाही वीज लागते. एखाद्या दुपारी मुख्य स्विच बंद करून शेजाऱ्याला फोन लावून पाहिला, म्हणजे कोणती वस्तू कोणाच्या जिवावर चालते ते कळते. आणि बॅटरी दोन-चार वर्षांनी बदलावी लागते. पूर्वी घट भरायला कंपनीचा माणूस तरी येत असे.