खतावणीत नाव चढेपर्यंत : स्वमग्न मुलांच्या शाळाप्रवेशाचा इतिहास

इतिहास म्हटला की राजवंश, लढाया आणि तह डोळ्यांसमोर उभे राहतात. शाळेच्या हजेरीपटावर एखाद्या मुलाचे नाव लागणे हीदेखील इतिहासातील घटना असू शकते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ज्या मुलांना आज आपण स्वमग्न म्हणतो, ज्यांच्या स्थितीला वैद्यकात ऑटिझम ही संज्ञा आहे, त्यांच्या बाबतीत मात्र हे अक्षरशः खरे आहे. या मुलांना त्यांच्याजोगी शाळा मिळावी म्हणून सुमारे ऐंशी वर्षे जगभरच्या आईवडिलांनी अर्ज केले, सभा घेतल्या, प्रसंगी न्यायालयाची पायरी चढली. पेढीवरच्या भाषेत सांगायचे तर हा खतावणीत नाव चढवण्याचा इतिहास आहे. ज्याचे खातेच उघडलेले नाही, त्याचे देणे कोणीही मान्य करीत नाही.

या अवस्थेला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र स्थान मिळाले ते १९४३ साली. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचा वृत्तांत त्या वर्षी प्रसिद्ध केला. त्यांतील पहिला मुलगा मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या छोट्या गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. त्याच्या वकील पित्याने मुलाच्या वागणुकीची बारीकसारीक हकिगत तेहेतीस पानांच्या पत्रात कॅनर यांना कळवली होती. वयाच्या तिसऱ्या वर्षी, तत्कालीन प्रथेप्रमाणे, डोनाल्डला एका संस्थेत ठेवण्यात आले होते. परंतु वर्षभरात आईवडिलांनी त्याला परत घरी आणले. पुढे तो एका शेतकरी दांपत्याकडे राहिला, शाळेत गेला, १९५८ मध्ये पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरी केली आणि २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी निवर्तला. कॅनर यांच्या अकराही मुलांचे असे झाले नाही. त्यांतील कित्येकांचे आयुष्य मोठ्या संस्थांच्या भिंतीआडच सरले, हे स्वतः कॅनर यांनीच १९७१ मध्ये त्यांचा मागोवा घेऊन लिहून ठेवले आहे.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये काय स्थिती होती ते पाहण्याजोगे आहे. १९४४ चा शिक्षण कायदा तेथे मोठा पुरोगामी मानला जातो, आणि तो होताही. सर्वांना माध्यमिक शिक्षण त्याने खुले केले. परंतु त्याच कायद्याच्या एका कलमात अशी तरतूद होती की, एखादे मूल शाळेत शिक्षण घेण्यास असमर्थ आहे असे ठरल्यास शिक्षण खात्याने त्याची जबाबदारी सोडून द्यावी. मूल मग आरोग्य खात्याकडे जाई. एका शिक्क्यानिशी शाळेचा दरवाजा बंद होई, आणि तोही कायद्याने. जो बोलत नाही, हाकेला ओ देत नाही, एकच खेळणे तासन्‌तास फिरवीत बसतो, अशा मुलावर हा शिक्का बसण्यास फारसा वेळ लागत नसे.

याला आणखी एका समजुतीची जोड होती. आईच्या मायेत उणीव राहिल्यामुळे मूल असे होते, असे मानणारा तज्ज्ञांचा एक प्रबळ वर्ग त्या काळी होता. शिकागोचे ब्रूनो बेटलहाइम यांचे या मताचे पुस्तक १९६७ पर्यंत निघत होते आणि वाखाणले जात होते. आधीच खचलेल्या मातेला दोषी ठरवणारे हे मत क्रूर तर होतेच, पण त्याचा व्यावहारिक परिणामही मोठा होता. दोष घरात आहे असे एकदा ठरले की मुलाला शाळेची नव्हे, तर घरापासून दूर नेणाऱ्या इस्पितळाची गरज आहे असे आपोआप ठरते. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा पिता होता, ही उपपत्ती पुराव्यानिशी खोडून काढली.

लंडनमधील पालक मात्र ग्रंथ निघण्याची वाट पाहत बसले नाहीत. १९६१ मध्ये हेलन ॲलिसन या मातेने बीबीसीच्या महिलांसाठीच्या कार्यक्रमात आपल्या मुलाविषयी सांगितले. आपल्यासारखे आणखीही कोणी आहेत, हे तोवर एकेकट्याने झुंजणाऱ्या घरांना कळू लागले. १९६२ मध्ये या पालकांनी संस्था स्थापन केली. डॉ. लॉर्ना विंग या मनोविकारतज्ज्ञ त्यांत होत्या. त्यांची स्वतःची कन्या स्वमग्न होती. आज ती संस्था नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी या नावाने प्रसिद्ध आहे. आरंभी तिच्या नावात ‘सायकॉटिक’ म्हणजे मनोविकृत मुले असा शब्द होता, कारण सरकारदरबारी दुसरा शब्दच रूढ नव्हता.

या पालकांना गवसलेली शिक्षिका म्हणजे सिबिल एल्गर. १९१४ साली जन्मलेल्या या बाईंजवळ मोठ्या पदव्या नव्हत्या. माँटेसरी पद्धतीचा अभ्यासक्रम त्या टपालाद्वारे शिकत होत्या. त्या निमित्ताने त्यांनी लंडनच्या एका रुग्णालयात ठेवलेली मुले पाहिली आणि त्यांना राहवले नाही. सेंट जॉन्स वुड भागातील आपल्या घराच्या तळघरात त्यांनी १९६२ मध्ये मोजक्या मुलांना घेऊन वर्ग सुरू केला. बाईंची पद्धत साधी होती, पण कठोर शिस्तीची होती. त्या थोडक्या आणि स्पष्ट शब्दांत बोलत, दिवसाचा क्रम ठरलेला असे, वस्तू ठरलेल्या जागी असत. मुलाला मोकळे सोडले की ते आपोआप उमलते, या तत्कालीन मताच्या हे अगदी उलट होते. ज्या मुलांना जग गोंधळाचे वाटते त्यांना आधी क्रम हवा, हे त्यांनी ओळखले. पुढे शास्त्राने जे सांगितले ते या तळघरात आधीच चालू होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तळघर अपुरे पडू लागले तेव्हा संस्थेने निधी जमवून लंडनच्या ईलिंग भागात इमारत घेतली, आणि १९६५ मध्ये तेथे केवळ स्वमग्न मुलांसाठी शाळा उघडली. एल्गरबाई तिच्या मुख्याध्यापिका झाल्या. पुढे शाळेला त्यांचेच नाव देण्यात आले. मुले मोठी झाली तसा पालकांपुढे नवा प्रश्न उभा राहिला, शाळेनंतर काय? त्याचे उत्तर म्हणून १९७४ मध्ये सॉमरसेट परगण्यात प्रौढांसाठी निवासी वसाहत निघाली, तीही एल्गरबाईंच्याच पुढाकाराने. २००७ मध्ये त्या निवर्तल्या.

येथे क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी कायदा झाला आणि मग शाळा निघाली, असे घडलेले नाही. शाळा १९६५ ची, आणि ‘शिक्षणास असमर्थ’ हा वर्ग रद्द करणारा कायदा १९७० चा. तो १९७१ मध्ये अमलात आल्यावर इंग्लंड व वेल्समधील एकही मूल शिक्षणाबाहेर ठेवणे बेकायदा ठरले. १९७८ च्या वॉर्नॉक समितीच्या शिफारशींवरून १९८१ चा कायदा झाला. त्यानुसार मुलाची गरज काय आणि ती कोठे भागेल याचे लेखी पत्रक देणे स्थानिक प्रशासनावर बंधनकारक झाले. त्या पत्रकात शाळेचे नाव आले की खर्चाचा भार प्रशासनावर पडे. साहजिकच नाव घालण्यावरून तंटे होऊ लागले आणि १९९४ पासून त्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण बसवावे लागले. २०१४ च्या कायद्याने पत्रकाचे रूप बदलले, तंटे मात्र वाढले. अलीकडच्या वर्षांत तेथे निकालापर्यंत गेलेल्या दाव्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक दावे पालकांच्या बाजूने लागले आहेत. बहुतेक दाव्यांत अखेर पालकच बरोबर ठरत असतील, तर त्यांना तेथवर ओढण्यात कोणाचे हित साधते, असा प्रश्न हिशेबी माणसास पडल्यावाचून राहत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. इंग्लंडच्या त्या कायद्याच्याच वर्षी, १९४४ मध्ये, मुंबईत वकील दांपत्याने आपल्या मुलीला कोणतीही शाळा घेत नाही म्हणून घरातच शाळा सुरू केली. शिवडी येथील जय वकील शाळा ती हीच. पुण्यात १९६४ मध्ये कामायनी निघाली. या शाळा त्या काळच्या भाषेत मतिमंद मुलांसाठी होत्या. स्वमग्न मुलास पुष्कळदा तेथेच, त्याच नावाखाली, जागा मिळे. न मिळाल्यास ते घरी राही. स्वमग्नता हा शब्दच फार थोड्या डॉक्टरांच्या तोंडी होता.

हे चित्र पालटू लागले ते १९९१ मध्ये. स्वमग्न मुलाच्या आई असलेल्या मेरी बरुआ यांनी दिल्लीत ॲक्शन फॉर ऑटिझम ही संस्था सुरू केली आणि १९९४ मध्ये तिची ‘ओपन डोअर’ ही शाळा निघाली. लंडनचाच क्रम येथे पुन्हा दिसतो. आधी आई, मग शाळा, आणि कायदा सर्वांच्या मागून.

कायदा १९९५ मध्ये आला. अपंगांसाठी समान संधी, हक्कांचे संरक्षण व पूर्ण सहभाग देणाऱ्या या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे नमूद होती : अंधत्व, अधू दृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, हालचालींतील अपंगत्व, मतिमंदत्व आणि मनोरुग्णता. या सातांत स्वमग्नता नव्हती. अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचे कलम होते, परंतु ज्याचे नाव यादीत नाही त्याला त्या कलमाचा उपयोग काय? प्रमाणपत्रासाठी पालकांना मुलाच्या कपाळी ‘मतिमंद’ असे लिहवून घ्यावे लागे. ज्या मुलाला आगगाड्यांचे वेळापत्रक मुखोद्गत आहे, त्याच्या आईला तो कागद हातात घेताना काय वाटले असेल, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचे नाव प्रथम आले. पण त्या कायद्याचा भर अठरा वर्षांनंतरच्या कायदेशीर पालकत्वावर होता, शाळेवर नव्हे. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि सर्वांना वाटले, आता प्रश्न सुटला. परंतु त्यात अपंग बालकाची व्याख्या १९९५ च्या कायद्यावर सोपवलेली होती, म्हणजे पुन्हा तीच सात नावांची यादी. जुन्या वहीतील चूक नव्या वहीत जशीच्या तशी ओढली गेली! ती दुरुस्त होऊन अमलात येण्यास १ ऑगस्ट २०१२ उजाडले. या दुरुस्तीने राष्ट्रीय न्यास कायद्यातील मुले आत आली, आणि अपंग बालकांचा समावेश वंचित गटात झाल्याने खाजगी शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागांचा मार्गही मोकळा झाला.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात अपंगत्वाचे प्रकार सातांचे एकवीस झाले आणि स्वमग्नता आपल्या नावाने नोंदली गेली. त्याचे एकतिसावे कलम प्रत्येक पालकाने वाचावे असे आहे. चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व प्रमाणित झालेल्या सहा ते अठरा वर्षांच्या बालकास जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, स्वतःच्या पसंतीने, मोफत शिक्षणाचा हक्क त्यात दिलेला आहे. ‘पसंतीने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कोणती शाळा, हे ठरवण्याचा अधिकार त्याने कुटुंबाच्या हाती दिला.

हक्क आणि हजेरीपट यांच्यामधली वाट मात्र कागदांची आहे. पहिला कागद प्रमाणपत्राचा. स्वमग्नता मोजण्यासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत चाळीस प्रश्नांची भारतीय मोजपट्टी तयार झाली असून प्रत्येक प्रश्नास एक ते पाच गुण आहेत. बेरीज सत्तरच्या आत आली तर स्वमग्नता नाही, एकशे त्रेपन्नच्या वर गेली तर ती तीव्र. येथे पालकांनी एक खबरदारी घ्यावी. परक्या खोलीत अर्ध्या तासात मूल जसे दिसते तसे ते घरी असेलच असे नाही. म्हणून घरची वागणूक, झोप, जेवणाच्या सवयी, पूर्वीच्या शाळेचे शेरे हे सर्व तारखेनिशी लिहून नेणे हिताचे ठरते. डोनाल्डच्या पित्याची तेहेतीस पाने कॅनर यांना अशीच उपयोगी पडली होती. नकारही तोंडी घेऊ नये, लेखी मागावा, कारण दाद लेखी नकारावरच मागता येते. दुसरी अडचण खात्यांची. महाराष्ट्रात साधी शाळा शिक्षण विभागाकडे, तर विशेष शाळा पूर्वी सामाजिक न्याय विभागाकडे आणि डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाकडे आहे. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाण्यात पालकांच्या चपला झिजतात त्या यामुळेच.

आणि शेवटी प्रश्न शिक्षकांचा. आपल्याकडे शाळांना वर्गखोल्या देणारे दाते कमी नाहीत; खोलीवर संगमरवरी पाटी लागते. विशेष शिक्षकाच्या पगारासाठी दरमहा रक्कम देणारे विरळा, कारण पगारावर पाटी लावता येत नाही. एल्गरबाईंची शाळा मात्र खोलीमुळे नव्हे, एल्गरबाईंमुळे चालली होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये, रजनीशकुमार पांडे यांच्या याचिकेवर, अशा विद्यार्थ्यांमागे किती विशेष शिक्षक असावेत याचे प्रमाण ठरवण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. त्यानंतरही नेमणुका अपुऱ्याच राहिल्या, म्हणून मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश काढून राज्यांना विशेष शिक्षकांची पदे मंजूर व जाहीर करण्यास सांगावे लागले. खतावणीत मुलाचे नाव चढले आहे. शिक्षकांच्या पदांचे खाते आता कोठे उघडत आहे.