नरखेड तालुका : घड्याळी वेळ आणि लोकजीवन

नरखेड तालुका : नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा तालुका. उत्तरेस मध्य प्रदेशातील पांढुर्णा, पश्चिमेस वर्धा नदी व तिच्यापलीकडे अमरावती जिल्ह्यातील वरूड. नरखेड व मोवाड ही शहरे. जलालखेडा, सावरगाव, भिष्णूर ही मोठी गावे. जाम नदी जलालखेड्याच्या परिसरात वर्धेला मिळते.

नरखेड सुमारे 78.5° पूर्व रेखांशावर आहे आणि भारतीय प्रमाणवेळ 82.5° रेखांशाची. त्यामुळे इथे सूर्य सरासरी 12 वाजून 16 मिनिटांनी डोक्यावर येतो. एकच घड्याळ पाळणाऱ्या दोन बेटशहरांमध्ये ही तफावत फार मोठी आहे. मुंबईत माध्यान्ह साधारण 12.39 ला, तर अंदमानातील श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) येथे 11.19 लाच होते. जूनच्या उत्तरार्धात अंदमानात पावणेसहाला सूर्य मावळतो, नरखेडला सातच्या सुमारास, मुंबईत सव्वासात होऊन जातात. प्रमाणवेळ 1906 मध्ये आली तरी मुंबईने आपली 39 मिनिटे मागची वेळ 1955 पर्यंत सोडली नाही. नरखेडला असा हट्ट करण्याचे कारणच नव्हते. सोळा मिनिटे कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

इथली दिनचर्या ठरते ती कृषिपंपाच्या विजेवर. थ्री-फेज पुरवठा काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, अशा पाळीने देण्याची पद्धत अनेक वर्षे चालत आली. रात्रपाळीत शेतकरी बॅटरी व काठी घेऊन बगीच्यात ओलित करतो. साप-विंचू आणि रानडुकरांची धास्ती असतेच, पण लाइन पुन्हा कधी जाईल याचीही असते. दिवसा वीज मिळावी ही मागणी म्हणूनच इतकी जुनी. सौर कृषिवाहिनी योजनेचा रोखही तोच आहे.

वर्षाचे वेळापत्रक संत्रा-मोसंबीचे. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पाने मलूल झाली की ओलित सुरू करायचे, मग बहार फुटतो. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात व फळे दिवाळीच्या आगेमागे तोडीला येतात. मृग बहार पावसाच्या आरंभी फुटतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतो. पाऊस लांबला की मृग हुकतो. डिंक्या, कोळशी आणि फळगळ ही बागायतदारांची नित्याची दुखणी. बरेच जण झाडावरचाच माल व्यापाऱ्याला देऊन मोकळे होतात. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण भाव त्याने ठरत नाही. बांगलादेश हे मोठे गिऱ्हाईक; तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. त्या देशाने आयात शुल्क वाढवत नेले, तसा निर्यातीला फटका बसला.

नागपूर–इटारसी लोहमार्गावरील नरखेड हे जंक्शन असून अमरावतीकडून मोर्शी-वरूडमार्गे येणारा लोहमार्ग येथे मिळतो.

मोवाड वर्धेच्या काठी वसलेले. 30 जुलै 1991 च्या महापुरात तेथे 204 माणसे बुडाली. त्यानंतर गावाचे पुनर्वसन झाले. विदर्भातल्या पूरनियंत्रणाच्या चर्चेत मोवाडचे नाव आजही निघते.