गंगारामच्या हॉटेलातला चहा

भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना लंडनच्या एखाद्या जुन्या टी-रूममध्ये हौसेने नेतो. स्कोन्स, जॅम, क्रीम आणि फोटो. पण या चहाघरांची खरी गोष्ट खाण्याची नाही, बसण्याची आहे. १८६४ साली एरेटेड ब्रेड कंपनीने आपलं पहिलं चहाचं दुकान उघडलं, १८९४ साली लायन्सने पिकॅडिलीत. बाईमाणसाला पुरुषाच्या सोबतीशिवाय निवांत बसून चहा पिता येईल अशा जागा त्याआधी लंडनमध्ये फार थोड्या होत्या. पुढे मताधिकारासाठी लढणाऱ्या बायका अशाच चहाघरांतून जमू लागल्या.

मुंबईत अशी जागा इराण्यांनी दिली. संगमरवरी टेबलं, काळ्या लाकडी खुर्च्या, ब्रून-मस्का आणि 'पानी कम' चहा. धोबी तलावचं कयानी १९०४ सालचं. तिथे गिरणी कामगार आणि वकील शेजारच्या टेबलांवर बसत.

कोल्हापुरात मात्र त्यासाठी खुद्द छत्रपतींना चहा प्यावा लागला.

१९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी लंडनला येऊन गेलेले राजर्षी शाहू महाराज आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्या पागेत गंगाराम कांबळे कामाला होते. वरच्या जातीच्या नोकरांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा परगावी होते. परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला सांगितलं, नोकरी सोड, स्वतःचा धंदा कर. गंगारामने भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, नाव 'सत्यसुधारक'.

गिऱ्हाईक येईना. ज्यांना इतर हॉटेलांत चहा बाहेर उभं राहून, वेगळ्या कपात, वरून ओतून मिळे, त्यांच्यातल्याच एकाच्या हातचा चहा प्यायचा कोणी?

मग महाराजांची गाडी हॉटेलासमोर थांबू लागली. स्वतः चहा घ्यायचा आणि सोबतच्या सरदार-ब्राह्मण मंडळींनाही पाजायचा. सहीसाठी कागद घेऊन येणाऱ्यांना ते तिथेच बोलावत आणि आधी चहा मागवत, असंही कोल्हापुरात सांगतात. सही हवी तर कप तोंडाला लावणं आलं! मला यातला मिस्कीलपणा फार आवडतो. १९१९ साली महाराजांनी सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचे हुकूम काढले. पण कोणाच्या हातचा चहा घशाखाली उतरावा, याचा हुकूम काढता येत नाही. तिथे रोज जाऊन बसावंच लागतं.

हळूहळू हॉटेल चालू लागलं. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा त्यांच्या स्मारकासाठी पुढाकार घेणारा पहिला माणूस हाच चहावाला होता. कोल्हापूरच्या नर्सरी बागेत गंगाराम कांबळ्यांनी आपल्या लोकांकडून वर्गणी गोळा करून ते उभं केलं.