झाकलेली आग

कपडे वाळवण्याच्या यंत्रातून करपट वास आला, की घरातला माणूस आधी तारांना, नाहीतर प्लगला दोष देतो. या यंत्राचा इतिहास पाहिला तर पहिला संशय दुसरीकडेच जायला हवा. ओले कापड आगीजवळ न्यायचे, पण ते जळू द्यायचे नाही, ही मूळची अडचण. १८०० च्या सुमारास पोशाँ नावाच्या फ्रेंच माणसाने भोके पाडलेल्या धातूच्या पिंपात कपडे भरून ते आगीवर हाताने फिरवण्याची युक्ती काढली, असे सांगतात. कपडे वाळत, पण धुराचा वास लागे आणि कधी करपतही. १८९२ साली अमेरिकेत जॉर्ज सॅम्पसन यांना पेटंट मिळाले, ते स्टोव्हच्या लगत कपडे टांगायच्या चौकटीचे. आपल्याकडे पावसाळ्यात शेगडीवर टोपली पालथी घालून बाळाची दुपटी वाळवत, तीही त्याच जातीची सोय. या सगळ्यांत आग उघडी होती, म्हणून तिच्यावर कुणाचा तरी डोळा असे. दुपट्याची कड पिवळी पडू लागली की हात आपोआप पुढे जाई.

हा डोळा विसाव्या शतकात निघून गेला. नॉर्थ डकोटातल्या कडाक्याच्या थंडीत दोरीवरचे कपडे गोठून फळीसारखे होत. तिथल्या रॉस मूर यांनी आधी शेडमध्ये स्टोव्ह पेटवून कपडे वाळवले, मग फिरत्या पिंपाचे यंत्र बनवले. विस्कॉन्सिनच्या हॅमिल्टन कंपनीने ते १९३८ मध्ये ‘जून डे’ या नावाने बाजारात आणले. ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरने त्याच्या दाराला काच बसवायला लावली, आणि कपडे गरगरताना दिसू लागले. पण त्या काचेतून तापक दिसत नाही, आणि हवेची वाटही दिसत नाही. तापलेली हवा पिंपातून जाते, कपड्यांचे सुटे तंतू उचलते, जाळीतून गाळली जाते आणि नळीवाटे घराबाहेर पडते. जाळीवर राखाडी, नमद्यासारखा थर साचतो, तो बोटांनी सोलून काढता येतो. जे तंतू जाळी चुकवतात ते नळीच्या वळणात, पंख्याच्या पात्यांवर, यंत्राच्या पोटात बसतात. वाट तुंबली की हवा मंदावते, उष्णता आतच कोंडते, आणि कोरडा कापूस तापकाजवळ असतोच. वास बहुतेकदा इथून सुरू होतो.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळात घरगुती ड्रायरच्या वर्षाला सुमारे २,९०० आगी मोजल्या. त्यांत साफसफाई न होणे हे सर्वांत मोठे कारण निघाले, ३४ टक्के. यावर कुणी म्हणेल, मग दोष वापरणाऱ्याच्या आळसाचाच. हे मला अर्धवट वाटते. ब्रिटनमध्ये व्हर्लपूल समूहाने २०१५ मध्ये स्वतःच जाहीर केले, की आपल्या काही ड्रायरमध्ये साचलेले तंतू तापकापर्यंत पोचू शकतात. तरी ग्राहकांना सांगितले गेले, की यंत्र वापरा, फक्त घरी असताना वापरा. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेपर्ड्स बुशमधल्या एका उंच इमारतीत आग लागली. ती सदोष ड्रायरमुळे लागल्याचे लंडनच्या अग्निशमन दलाने सांगितले. कुटुंब त्या वेळी घरातच होते. प्लग काढून ठेवा, हा सल्ला २०१७ मध्ये आला, आणि यंत्रे परत घेण्याची मोहीम २०१९ मध्ये. आग नजरेआड कुणी नेली, हा प्रश्न म्हणून सोडता येत नाही. ज्याने आग झाकली त्यानेच तिची वाट साफ ठेवता येईल असे यंत्र घडवायला हवे होते, निदान उघडून पाहता येईल असे तरी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आता थर्मोस्टॅट आहे, तापमान वाढताच उडणारा फ्यूज आहे, मग भीती कशाची? ही साधने उपयोगाचीच आहेत. पण ती जिथे बसवलेली असतात तिथलीच उष्णता ओळखतात. कोपऱ्यात धुमसणारा तंतूंचा गोळा त्यांना कळेलच असे नाही. शिवाय दुरुस्तीत नेहमी घडते ते असे, की उडालेला फ्यूज बदलला जातो, यंत्र चालू होते आणि तुंबलेली नळी तशीच राहते. वास आला तर यंत्र बंद करून प्लग काढावा. मग जाळी, नळी आणि भिंतीबाहेरची झडप साफ करावी. प्लास्टिकची किंवा पातळ पत्र्याची सुरकुतलेली नळी असेल तर ती काढून धातूची ताठ नळी बसवावी. एवढे करूनही वास राहिला तर पट्टा, चाके आणि तारांकडे वळावे, आणि ते काम माहितगाराकडे द्यावे. वासाचे कारण सापडेपर्यंत मात्र यंत्र पुन्हा लावू नये, कपडे ओलेच राहिले तरी.