ट्रक, ट्रॅक्टरला धुराचे नियम: कुणाला काय लागू?
शिरूर, दौंडमध्ये ऊस-कांदा वाहणारे ट्रक आणि शेतातले ट्रॅक्टर यांना धुराचे नियम वेगवेगळे आहेत.

ट्रक: १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ लागू. जुन्या गाड्यांना पीयूसी हवीच. नसेल तर १० हजारांपर्यंत दंड.

ट्रॅक्टर: ५० एचपीपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरला १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ लागू. घरचा जुना ट्रॅक्टर त्यासाठी बदलावा लागत नाही.

डीईएफ: बहुतेक बीएस-६ ट्रकमध्ये डिझेलशिवाय डीईएफची वेगळी टाकी असते. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया, बाकी शुद्ध पाणी. ते संपलं की इंजिनाची ताकद कमी होते. पैसे वाचवायला खताचा नीमकोटेड युरिया कालवून टाकू नका. यंत्रणा चोक होते, दुरुस्ती महागात पडते. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणं गुन्हा आहे.