मल्लांचा खुराक आणि मल्लांचें बक्षीस

प्रजेच्या पैशांतून सरकारनें खेळाडू पोसावे कीं नाहीं, हा वाद अगदीं अलीकडचा आहे असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः त्याचीं दोन्ही टोकें आपल्या संस्कृत ग्रंथांतच सांपडतात. कोल्हापूरच्या कुस्तीचा जो एक प्रसंग आम्हांस पुढें मांडावयाचा आहे तो त्या ग्रंथांच्या उजेडांत अधिक स्पष्ट दिसतो, म्हणून आरंभ तेथूनच करितों.

कौटिल्याचा हात या बाबतींत आंखडता आहे. नवा मुलूख वसविण्याचे नियम सांगतांना, तेथें करमणुकीसाठीं उद्यानें व शाळा नसाव्या, नट-नर्तक-गायकांनीं लोकांच्या कामांत व्यत्यय आणूं नये, असें तो बजावतो. गांवानें मिळून खेळ करविला तर खर्च वर्गणीचा. ज्यानें आपला अंश दिला नाहीं त्यानें सहकुटुंब खेळ पाहूं नये, आणि चोरून पाहिला किंवा ऐकला तर दुप्पट अंश भरावा. राजाच्या कोशाला येथें कसलीही तोशीस नाहीं.

याच्या अगदीं उलट चित्र मानसोल्लासांत आहे. हा ग्रंथ चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा, इ. स. ११२९ च्या सुमाराचा. श्रीगोंदेकरांनीं संपादिलेला तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत छापला आहे. त्याच्या चौथ्या विंशतींतील मल्लविनोदांत वय, अंगलट व बळ पाहून मल्लांचे वर्ग पाडले असून त्यांनीं मेहनत कशी करावी व काय खावें हें सांगितलें आहे. कडधान्यें, मांस, दूध, साखर, पक्वान्नें हीं सर्व राजानें पुरवावयाचीं. (मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांचें मल्लपुराणही १९६४ सालीं याच मालेंत निघालें, मल्लविद्येच्या अभ्यासकानें तें सोडूं नये.) आतां हा सर्व खटाटोप राजाच्या विनोदासाठीं आहे, प्रजेच्या हितासाठीं नव्हे, हें कबूल केलें पाहिजे. तथापि त्यांतील एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. राजाचा पैसा मल्लाला कुस्ती होण्यापूर्वीं मिळतो. तो खुराक आहे, बक्षीस नव्हे.

कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं हीच रीत चालविली, परंतु हेतु पालटला. महाराज स्वतः मल्ल. १९०२ सालीं सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेस गेले असतां रोमचें प्राचीन क्रीडागृह त्यांनीं पाहिलें, आणि १९१२ सालीं खासबागेचें मैदान तयार झालें. मधला हौद खोलगट आणि भोंवतीं चढत गेलेल्या बैठका, अशी त्याची बांधणी असल्यामुळें शेवटच्या माणसालाही डाव दिसतो. पेठांतील तालमींना संस्थानचा आश्रय होता. शेतकऱ्याचा पोरगा मातींत उतरूं शकला तो या आश्रयामुळें.

संस्थान गेलें आणि प्रश्न उघडा पडला. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हां खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनीं उचलला होता. तेथें ते सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीला जावयाचें तर तो आधार उरला नव्हता. गांवकऱ्यांनीं वर्गणी केली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असें सांगतात. जाधवांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कौटिल्याचा नियम येथें उलटा फिरलेला दिसेल: ज्यांनीं अंश दिला त्यांच्या दृष्टीस ती कुस्ती पडली नाहीं, आणि ज्यांनीं कवडीही दिली नाहीं त्यांनीं मान मात्र वांटून घेतला. परत आल्यावर जाधवांनीं मैदानें गाजवून तें घर सोडवून दिलें असेंही सांगतात; म्हणजे बक्षीस आलें तें खुराकाचें कर्ज फेडण्यांत गेलें. ते १९८४ सालीं वारले. अर्जुन पुरस्कार त्यानंतरचा.

याच्या शेजारीं दुसरें उदाहरण ठेवूं. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथें नेमबाजींत कांस्यपदक मिळविलें. जाधवांनंतर महाराष्ट्राच्या वांट्यास आलेलें हें दुसरें वैयक्तिक पदक, आणि मध्यें बहात्तर वर्षें लोटलीं. राज्य सरकारनें एक कोटीचें बक्षीस जाहीर केलें व त्याचा गाजावाजा झाला. पण हे गृहस्थ मूळचे सरकारच्या क्रीडाप्रबोधिनींत तयार झालेले, पुढें रेल्वेच्या नोकरींत. प्रबोधिनीचा तो निमूट खर्च म्हणजेच मानसोल्लासांतील दूध-साखर होय. कोटीचा आंकडा पदक गळ्यांत पडल्यावरचा.

आमचें मत असें कीं, जेथें तिकीट काढून लोक पाहतात अशा तमाशासारख्या खेळांना कौटिल्याचा नियम लावावा. त्यांस खजिन्यांतून दमडी नको. वाढत्या वयाच्या मुलाचें शरीर आणि देशाच्या नांवानें परदेशीं जाणाऱ्याचा प्रवास ह्या बाबी निराळ्या. त्या वर्गणीवर वा एखाद्या प्राचार्याच्या घरावर टाकणें सरकारास शोभणारें नव्हे. रयतेचा पैसा खेळावर कां, असा आक्षेप येईल, आणि दुष्काळी वर्षांत तो खराही आहे. पण मग त्याच न्यायानें बक्षिसाचे कोटीही थांबवावे लागतील, आणि ते कोणी थांबवीत नाहीं. आम्हीं ज्या शाळांत शिकविलें त्यांपैकीं एकींत व्यायामाच्या मंजूर रकमेचे दरसाल रुपेरी चषक येत. आखाड्यांत घालावयाची तांबडी माती मुलें ओढ्याकांठून टोपल्यांनीं वाहत.

आतां संग्राहकांस एक विनंति. सनद हातीं आली कीं आपण ती जपतों. तालमीच्या दूध-बदामाचा हिशेब, तुपाची चिठी, वर्गणीची यादी मात्र रद्दींत जाते. खुराक कोणी दिला याचा पुरावा असल्याच कागदांत असतो. कोणाच्या दप्तरांत असे मोडी रुमाल असतील तर त्यांनीं तारीख-वारासह नकला मंडळाकडे धाडाव्या. मूळ कागद मालकापाशींच राहील.