स्टेफनी शर्ली : सॉफ्टवेअर उद्योगातील ‘स्टीव्ह’

सॉफ्टवेअर ही संगणकासोबत फुकट मिळणारी वस्तू मानली जाण्याच्या काळात केवळ सॉफ्टवेअर विकणारी कंपनी काढणे हेच मोठे धाडस होते. ती एका स्त्रीने काढावी आणि तीत जवळजवळ सर्व स्त्रियाच असाव्यात, ही कल्पना १९६२च्या ब्रिटनमध्ये अनेकांना हास्यास्पद वाटली. डेम स्टेफनी शर्ली यांनी अवघ्या सहा पौंडांच्या भांडवलावर ती प्रत्यक्षात आणली.

शर्ली यांचे मूळ नाव व्हेरा बुखथाल. त्यांचा जन्म १६ सप्टेंबर १९३३ रोजी जर्मनीतील डॉर्टमुंड येथे झाला. वडील ज्यू न्यायाधीश होते. नाझी छळापासून सुमारे दहा हजार मुलांना ब्रिटनमध्ये आणणाऱ्या ‘किंडरट्रान्सपोर्ट’ मोहिमेतून १९३९ मध्ये पाच वर्षांची व्हेरा नऊ वर्षांच्या बहिणीसह इंग्लंडला पोहोचली. पुढे पालक दांपत्याने तिला वाढवले. वाचलेले आयुष्य वाचवण्याच्या योग्यतेचे ठरावे, हा ध्यास त्यांनी अखेरपर्यंत जपला.

शालेय शिक्षणानंतर त्या डॉलिस हिल येथील टपाल खात्याच्या संशोधन केंद्रात रुजू झाल्या. संध्याकाळच्या वर्गांना सहा वर्षे जाऊन त्यांनी गणिताची पदवी मिळवली. मात्र बढतीच्या वाटा स्त्रियांसाठी बंद आहेत, हे नोकरीत पदोपदी जाणवत होते. म्हणून १९६२ मध्ये घरातील जेवणाच्या टेबलावरच त्यांनी ‘फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स’ ही कंपनी सुरू केली. विवाह वा बाळंतपणानंतर नोकरी सोडावी लागलेल्या प्रशिक्षित स्त्रियांना घरून काम देणे, हे तिचे सूत्र होते. घरी टेलिफोन असणे ही त्यासाठीची महत्त्वाची अट. सुरुवातीच्या तीनशे कर्मचाऱ्यांत पुरुष होते केवळ तीन!

व्यवसाय मिळवण्यासाठी पाठवलेल्या पत्रांना उत्तरे येत नव्हती. तेव्हा पती डेरेक यांच्या सूचनेवरून त्यांनी ‘स्टेफनी’ऐवजी ‘स्टीव्ह’ अशी सही सुरू केली आणि भेटीच्या वेळा मिळू लागल्या. समोर स्त्री उभी आहे हे कळेपर्यंत बोलणी सुरू झालेली असत.

कामाची पद्धतही आगळी होती. कागदावर पेन्सिलीने प्रवाह-आकृत्या काढायच्या, त्यावरून आज्ञावली लिहायची आणि टपालाने संगणक केंद्राकडे पाठवायची. तेथे ती कागदी पट्टीवर वा कार्डांवर छिद्रांकित होई. घरी बसून कोण किती तास काम करते, याविषयी ग्राहकांच्या मनात शंका असे. म्हणून शर्ली यांनी तासांऐवजी संपूर्ण कामाची ठरावीक किंमत आकारण्याची पद्धत स्वीकारली. ‘कॉन्कॉर्ड’ या स्वनातीत विमानाच्या ब्लॅक बॉक्सची आज्ञावलीही याच स्त्रियांनी घरी बसून तयार केली. १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये लिंगभेदविरोधी कायदा आला आणि केवळ स्त्रियांना प्राधान्य देणारे धोरण बेकायदा ठरले. स्त्रियांना संधी मिळावी म्हणून आखलेल्या या धोरणाचा शेवट समानतेच्याच कायद्याने व्हावा, हा विलक्षण योगायोग होय.

कंपनीचा सुमारे चतुर्थांश हिस्सा शर्ली यांनी स्वतःच्या वाट्यातून कर्मचाऱ्यांना दिला. पुढे कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा त्यातील सत्तर जण लक्षाधीश झाले. ‘झान्सा’ या नावाने ती भारतातही पोहोचली. नॉयडा आणि चेन्नई येथे तिची केंद्रे होती. २००७ मध्ये फ्रान्सच्या ‘स्टेरिया’ने ती विकत घेतली.

या यशामागे खासगी आयुष्यातील दुःखही होते. १९६३ मध्ये जन्मलेला एकुलता मुलगा जाइल्स याला तीव्र स्वमग्नता असल्याचे निदान झाले; १९९८ मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. १९९३ मध्ये निवृत्त झालेल्या शर्ली यांनी संपत्तीचा मोठा भाग स्वमग्नतेवरील संशोधन आणि ‘प्रायर्स कोर्ट’सारख्या शाळेसाठी दिला. त्यांच्या देणग्यांची रक्कम सुमारे ६ कोटी ७० लाख पौंडांच्या घरात जाते.

ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष होत्या. २००० मध्ये त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला, तर २०१७ मध्ये ‘कम्पॅनियन ऑफ ऑनर’ हा सन्मान. ९ ऑगस्ट २०२५ रोजी वयाच्या ९१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २०२०च्या महासाथीत जगाने नाइलाजाने स्वीकारलेली घरून काम करण्याची पद्धत त्यांनी तब्बल ५८ वर्षे आधी व्यवसायाचा पाया म्हणून स्वीकारली होती. मूल सांभाळणारी स्त्री घरात आहे म्हणून तिची बुद्धी वाया जाण्याचे कारण नाही, हे त्यांनी हिशेबाच्या वहीतून सिद्ध केले.